निशाणी नांगर

बँकेत लागले त्या वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, माझ्या काउंटरशेजारी नमुना सह्यांच्या कार्डांचा लाकडी ड्रॉवर होता. पैसे काढायची स्लिप आली की टोकन द्यायचं, लेजरमध्ये शिल्लक पाहायची, कार्ड काढून सही ताडायची. बहुतेक सह्या मराठीत, थोड्या इंग्रजीत. पण सातारा जिल्ह्यातल्या त्या शाखेत सत्तरी ओलांडलेले काही खातेदार मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीत, सही करायचे. मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, तरी सही खरी की खोटी हे मी सांगू शकत होते. हात कुठे भरकन गेला, कुठे दाबला, शेवटचा फराटा कुठे सुटला, एवढं पाहिलं की कळायचं. एकदा एका आजोबांच्या मुलानं त्यांच्या नावाची स्लिप आणली. सही हुबेहूब होती, पण ती लिहिलेली नव्हती, सावकाश काढलेली होती. मी स्लिप पास केली नाही. मुलगा तणतणत गेला. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः आले, काउंटरवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, तुला मोडी येती व्हय?”

नाही म्हणाले मी. तेवीस वर्षांची होते, मोडी कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं.

त्या काळात महिनाअखेरीला लेजर बॅलन्सिंग असे. शेकडो खात्यांच्या शिल्लकांची बेरीज एकीकडे, जनरल लेजरचा आकडा दुसरीकडे, आणि दोन्ही जुळेपर्यंत घरी जायचं नाही. फरक आला की आमचे हेडक्लार्क आधी त्याला ९ नं भागून बघायला सांगत. नि:शेष भाग गेला तर समजायचं, कुणीतरी आकडे उलटसुलट लिहिलेत, ५४ चे ४५ झालेत. मग तसलीच जोडी शोधत पानं उलटायची. रात्री साडेआठला एखाद्या पानाच्या कोपऱ्यात ती जोडी सापडायची, तेव्हा मला जो आनंद व्हायचा तो मी पुढे कुठल्याच बढतीत अनुभवला नाही. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही.

संगणक आले, मग कोअर बँकिंग आलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पेन्शनच्या दिवशी बाहेर पायऱ्यांवर बसून राहणारे म्हातारे त्यामुळे तासभर आधी घरी जाऊ लागले. पण लेजर गेली, कार्डांचा ड्रॉवर गेला, आणि माझ्या डोळ्यांना आणि हाताला जे काम येत होतं ते हळूहळू संपलं. मी परीक्षा दिल्या, अधिकारी झाले, बदल्या झाल्या, शेवटी शाखाधिकारी झाले. शेवटची सहा-सात वर्षं मी मुख्यतः विकत होते. विमा, म्युच्युअल फंड, कार्डं. सकाळी साडेनऊला वरिष्ठांचा कॉल, संध्याकाळी पुन्हा कॉल, मधे ‘आज किती झाले?’ असे मेसेज.

एका दुपारी एक निवृत्त मास्तर पासबुक घेऊन केबिनमध्ये आले. “मॅडम, ही एफडीच आहे ना?” कागद पाहिला तर ती दरवर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी होती. आमच्याच शाखेत, माझ्याच टार्गेटमध्ये मोजली गेलेली. फेरविचाराची मुदत अजून संपलेली नव्हती, त्यामुळे ती रद्द करून पैसे परत मिळवता आले. पण मास्तर उठताना “तुमच्यावर विश्वास ठेवून सही केली” म्हणाले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. खोटी सही ओळखणारी मुलगी मीच होते. आता माझ्या शाखेत खऱ्या सह्या अशा घेतल्या जात होत्या.

निर्णय त्या एका रात्रीत झाला नाही. दीड वर्ष गेलं. वीस वर्षं नोकरी झालेली असली की तीन महिन्यांची नोटीस देऊन पेन्शनसह स्वेच्छानिवृत्ती घेता येते, माझी सव्वीस झाली होती. मुलीचं कॉलेज पुढ्यात होतं, घराचं कर्ज चार वर्षांचं उरलं होतं. आम्ही दोघांनी वही घेऊन रविवारभर हिशेब मांडले. यजमान ज्युनिअर कॉलेजला शिकवतात. ते म्हणाले, “गाडी दोन वर्षं पुढं ढकलू. तू ठरव.” माझ्या आईला मात्र हे अजून पटलेलं नाही. बँकेतली नोकरी कुणी हातानं सोडतं का, असं ती आजही विचारते. तिच्या पिढीच्या बाईनं मुलीला बँकेत लागलेलं पाहणं म्हणजे काय होतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी तिच्याशी वाद घालत नाही.

मार्च २०२२ मध्ये निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, चांदीचं निरांजन.

पहिले पंधरा दिवस छान गेले. माळे आवरले, लोणचं घातलं, कधी नव्हे ते दुपारी झोपले. त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. सकाळी नऊ वाजले की छातीत धडधड व्हायची, कुठंतरी पोचायचं राहिलंय अशी. फोन उचलून बघायचे, त्यावर काही नसायचं. जो फोन वाजला की मी वैतागायचे, तो वाजत नाही म्हणून मी आता अस्वस्थ होत होते. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे मला ‘बँकेतल्या मॅडम’ म्हणायचे. एका लग्नात कुणी ओळख करून देताना “या बँकेत होत्या” म्हणालं. त्या ‘होत्या’वर मी इतकी अडकले की समोरच्या बाईंचं नावही ऐकलं नाही.

जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो. वडिलांचा व्यवसाय, नोकरी. आईचा व्यवसाय, असा रकाना आला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, यादीतून ‘गृहिणी’ निवडलं आणि पुढं गेली. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. माझी आई जन्मभर गृहिणी होती आणि तिनं शेत, गोठा, चार पोरं आणि आजारी सासरे एकटीनं सांभाळले. तो शब्द मला हलका वाटत नाही. तरी मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. सव्वीस वर्षं काढून टाकली तर खाली काय उरतं, हे मला माहीत नव्हतं.

मग मी धडपड सुरू केली. बँकेच्या परीक्षांचे क्लास घेणाऱ्या एका संस्थेत महिनाभर शिकवलं. गुंतवणूक सल्लागार हो, असं दोघातिघांनी सुचवलं, पण ते पुन्हा विकणंच होतं. एका मैत्रिणीबरोबर मसाल्यांचा व्यवसाय करावा असं चाललं होतं, त्याचे नमुनेही कुटून झाले. प्रत्येक वेळी मी उत्साहानं सुरुवात करायचे आणि तिसऱ्या आठवड्यात मला कळायचं की हे मी ‘काय करता?’ या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून करतेय.

दिवाळीनंतर भावाचा फोन आला. गावच्या घराचं माळवद उतरवायचं होतं, स्लॅब टाकायचा होता. पत्र्याच्या एका ट्रंकेत फडक्यात बांधलेले कागद निघाले होते. “सगळी उंदरांनी खाल्लेली रद्दी आहे, चुलीत घालू का?” मी म्हटलं, थांब. शनिवारी एसटीनं गेले. फडकं सोडलं आणि वरचाच कागद हातात घेतला. उभ्या घडीचा, पिवळा पडलेला, आडव्या लांब रेघांना लोंबणारी अक्षरं. मला एकही शब्द वाचता आला नाही. पण हात कुठे भरकन गेला, कुठे दाबला, फराटा कुठे सुटला, ते दिसलं. हा घाईतला माणूस आहे. हा खालचा दुसरा, सावकाश लिहिणारा, बहुधा म्हातारा. सव्वीस वर्षांपूर्वीचा लाकडी ड्रॉवर माझ्यासमोर उघडा पडला होता. ओसरीवर तासभर बसले. वहिनीनं दोनदा चहा गार झाल्याचं सांगितलं.

मोडीचा छोटा वर्ग कुठे लागतो याची चौकशी करत गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये एका कॉलेजात बसले. वर्गात इतिहासाची मुलं, दोन वकील, एक तलाठी, एक निवृत्त सुभेदार आणि मी. शिकवायला आमचे गुरुजी, पंच्याहत्तरीचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी शाळेत मोडी शिकलेली होती. १९५०च्या दशकापर्यंत आपल्याकडे शाळेत मोडी शिकवत, ती शेवटची पिढी. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारली आणि म्हणाले, “आधी रेघ. मग अक्षर. देवनागरीत आपण अक्षर लिहून त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत छप्पर आधी घालायचं आणि मग माणसं आत घ्यायची.”

वर्णमाला आठ दिवसांत पाठ झाली आणि मला वाटलं, झालं की. खरी मोडी त्यानंतर सुरू झाली. हात न उचलता लिहायचं म्हणून ही लिपी वळणं घेते. काना वेगळा उभा राहत नाही, अक्षराच्या पोटातूनच वर चढतो, आणि मग ते अक्षर ओळखू येत नाही. वेलांटी एकच, उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घ आपण संदर्भानं ठरवायचं. शब्दांत अंतर नाही. पूर्णविराम नाही. ओळ संपली की शब्द अर्ध्यात तुटून खालच्या ओळीत जातो. त्यात संक्षेप. ‘मौजे’चं नुसतं ‘मौ’ आणि दोन दंड, ‘परगणे’चं ‘प’ आणि दोन दंड. ‘मशारनिल्हे’, ‘बितपशील’, ‘साल मजकूर’ असे फारसी वळणाचे शब्द जागोजागी. काही अक्षरं देवनागरीतल्या भलत्याच अक्षरासारखी दिसतात आणि डोळा सवयीनं तेच वाचतो. गुरुजी म्हणायचे, “ताई, तुम्ही वाचायची घाई करता. आधी बघा. बघून झालं की ते स्वतःच वाचून दाखवेल.”

तारखांनी मला सर्वांत जास्त छळलं आणि सर्वांत जास्त आनंदही दिला. पेशवेकाळच्या कागदात मुसलमानी चांद्रमासाची तारीख ‘छ’ लिहून देतात, आणि सन अरबी शब्दांत. ‘सबा सलासीन मया व अलफ’. सबा सात, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार. शुहूर सन ११३७. एकं आधी आणि दशक नंतर हे आधी विचित्र वाटलं. मग लक्षात आलं, आपल्या ‘सदतीस’मध्येही सात आधीच येतो. हे साल मृगाला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे ११३७ चे इसवी सन १७३६-३७. मुलं वैतागायची. मी घरी जाऊन वीस-वीस तारखा सोडवायची. रकमा तर मला आपल्या घरच्यासारख्या होत्या. रुपयांच्या आकड्यापुढे एक उभा दंड म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. वर्गात कुणालाच बेरजा जमत नव्हत्या तेव्हा गुरुजी मला फळ्याजवळ बोलवायचे.

एका दुपारी त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही आधी काय करत होतात?” बँकेत होते, म्हणाले. ते म्हणाले, “म्हणजे हेच करत होतात.” त्या ‘होतात’नं मला काही लागलं नाही.

वर्ग संपल्यावर परीक्षा दिली, पास झाले आणि मग पहिल्यांदा पुण्याला पुराभिलेखागारात गेले. लोक त्याला अजून पेशवे दफ्तर म्हणतात. तिथे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात, आणि असे ३९ हजारांच्या आसपास रुमाल आहेत. शाईचं पेन आत नेता येत नाही, शिसपेन्सिल फक्त. एक रुमाल समोर आला, गाठ सोडली आणि ओल आणि जुन्या कापडाचा तो वास आला तेव्हा मी काही वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिले. याच दफ्तरातून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०च्या सुमारास निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ते आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांकडे नोकरीत होते, १९२५ साली साठीला निवृत्त झाले आणि कामशेतला येऊन राहिले. दफ्तराचं ते डोंगराएवढं काम त्यानंतरचं. त्यांच्या विद्वत्तेशी माझी तुलना नाही. इतिहासाचं लेखन ते नोकरीतही करत होतेच. पण साठीनंतर माणूस एवढं उचलू शकतो, हे त्या टेबलाशी बसून कळणं माझ्या फार कामी आलं. मी तेव्हा पन्नाशीची होते.

पहिलं पैशाचं काम एका वकिलांनी दिलं. जमिनीच्या वादातला जुना जबाब होता, चार पानं. पानाला दोनशे रुपये ठरले. त्या चार पानांना मला नऊ दिवस लागले. एका शब्दावर दोन दिवस अडले होते. तो ‘खरेदी’ असेल तर एक अर्थ, ‘गहाण’ असेल तर दुसरा, असं नसतं. अक्षरं इतकी वेगळी असतात की त्यात घोळ होत नाही. घोळ होतो तो ‘दिले’ आणि ‘दिली’मध्ये, ‘पैकी’ आहे की नाही यामध्ये. म्हणजे जमीन दिली की जमिनीपैकी काही दिली. त्या ‘पैकी’वर आज कुणाचं तरी एक एकर अवलंबून असतं. मी कागदाचा फोटो मोठा करून त्याच लेखकानं इतरत्र ‘प’ कसा काढलाय ते सोळा ठिकाणी पाहिलं. सही ताडताना हेच करायचे, एका कार्डावरच्या एका सहीशी नाही तर आधीच्या चार-पाच स्लिपांशी. शेवटी ‘पैकी’ होताच. वकिलांच्या अशिलाला तो नको होता. मी लिप्यंतरात तो लिहिला. वकील भले माणूस, त्यांनी आठशे रुपये दिले आणि पुढचंही काम दिलं.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध राज्यात गाजू लागला, त्यानंतर अचानक मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव विचारणा सुरू झाली. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते जन्ममृत्यूचं रजिस्टर. जुनी पानं मोडीत. माझ्या दारात मोटारसायकली उभ्या राहायला लागल्या. बाप, मुलगा, कधी आजी. मोबाइलमधला फोटो पुढं करायचे, “मॅडम, बघा की, आमच्या पंज्याचं नाव हाय का?” मी त्या महिन्यांत पैसे घेतले नाहीत. मुलाच्या फीचा, प्रवेशाचा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाकडून घ्यावेसे वाटले नाहीत. किती जणांना मी ‘आहे’ म्हणू शकले आणि किती जणांना ‘नाही’, हे मोजलं नाही. पण ‘नाही’ म्हणतानाचे चेहरे लक्षात आहेत. एक गृहस्थ तीनदा आले. नाव होतं, गाव होतं, जातीच्या रकान्यात मात्र शाईचा डाग होता. ते म्हणाले, “डागाखाली तेच असणार. तुम्ही लिहून द्या, कोण बघतंय?” मी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि ‘अक्षर वाचता येत नाही’ एवढंच लिहून देऊ शकते म्हणाले. ते रागावून गेले. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी बँकेतल्या शेवटच्या सात वर्षांत कधी आली नव्हती अशी शांत झोप त्या रात्री आली.

गेल्या वर्षी एका घराण्याकडचा महजर, म्हणजे सभेतल्या निवाड्याचा कागद, वाचायला मिळाला. गावच्या वतनाचा वाद, गोतसभा बसलेली, निवाडा आणि खाली हजर असलेल्यांची नावं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या नावापुढे सहीच्या जागी त्यांची खूण. पाटलाच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’. कुणब्यांच्या पुढेही नांगरच, लहानसा काढलेला. वाण्याचा तराजू. न्हाव्याचा आरसा. गुरुजींनी हे वर्गात सांगितलं होतं, पण प्रत्यक्ष कागदावर त्या दोन रेघांचा नांगर पाहणं वेगळं. मी बँकेत शेकडो अंगठे घेतले. अंगठा हा माणसाच्या कातडीचा ठसा असतो, तो काय करतो हे त्यातून कळत नाही. इथे माणूस आपलं काम ओळख म्हणून कागदावर ठेवून गेला होता.

पुष्कळ वेळ मी त्या नांगरांकडे बघत राहिले, आणि ‘माझी निशाणी काय असती?’ हा प्रश्न मनात आलाच. तीन वर्षांपूर्वी तो मला फार गोड वाटला असता. आता त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट दिसली. तो नांगर त्या माणसानं निवडलेला नव्हता. न्हाव्याच्या पोराला आरसाच मिळणार होता, त्याचं मन कशातही असो. मला एकोणपन्नासाव्या वर्षी एक काम खाली ठेवून दुसरं उचलता आलं, ते पेन्शन होती म्हणून, घरातल्या माणसांनी गाडी पुढे ढकलली म्हणून. त्या रांगेतल्या एकालाही ते शक्य नव्हतं. नोकरी सोडताना घाबरलेल्या मला हे कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित कमी रडले असते. किंवा तेवढीच रडले असते, माहीत नाही.

अशाच एका जुन्या खरेदीखताखाली एका बाईचं नाव आलं. नवरा वारलेला, जमीन तिच्या हातची. नावापुढे ‘निशाणी बांगडी’. एक वेडंवाकडं वर्तुळ, जिथून सुरू झालं तिथं नीट न मिळालेलं. तिनं नक्की नांगर धरला असेल, निदान पेरणीला पाभरीमागे चालली असेल, कांडलं, दळलं, कुळांशी भांडली असेल, नाहीतर जमीन इतकी वर्षं राखली नसती. पण कागदावर पुरुषाचं काम आलं आणि बाईची बांगडी आली. मी लेकीला बोलावून ते वर्तुळ दाखवलं. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “आई, तो फॉर्म मी घाईत भरला होता.” मी म्हटलं, अगं, यादीत दुसरं होतंच काय.

घरच्या ट्रंकेतले कागद मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. हात बसल्याशिवाय त्यांना लावायचा नाही, असं ठरवलं होतं. यंदाच्या पावसाळ्यात ते काढले. ते इंग्रजी अमदानीतले, टाकानं भराभर लिहिलेले, आणि हे घाईचं वळण पेशवेकाळच्या बोरूच्या अक्षरापेक्षा मला अवघड जातं. भाऊ दर दोन दिवसांनी फोन करत होता. “काय निघालं? कुठं जमीनबिमीन?” निघाली ती पणजोबांची रोजखर्चाची वही. शके १८३५, म्हणजे १९१३-१४. मीठ, घासलेट, गुळाची ढेप, बैलाला नाल. कुंभाराला दिलेले, देवीच्या यात्रेला खर्चलेले. ‘चि. बाळीस खण’, ही बाळी कोण ते घरात कुणालाच सांगता आलं नाही. जमिनीचा उल्लेख नाही, पराक्रम नाही, नवल म्हणावं असं काही नाही. मी रोज दोन पानं करत होते आणि सवयीनं पानाची बेरीज करून बघत होते. पणजोबा काटेकोर होते. आणे-पैशांपर्यंत सगळं जुळायचं.

एका पानावर जुळलं नाही. पुन्हा केलं. फरक सत्तावीस रुपयांचा. त्या काळी ही केवढी रक्कम, म्हणून मी वहीभर उसनवारी शोधत बसले, काही कुळाचं येणं राहून गेलंय का ते पाहिलं. संध्याकाळचे सात वाजले, दिवा लावला, आणि मग एकदम हेडक्लार्क आठवले. सत्तावीस. नऊ त्रिक सत्तावीस. मागच्या पानाची बेरीज ३६ होती. पुढच्या पानावर आणताना त्यांनी ६३ लिहिले होते. एकमेकांकडे पाठ करून बसणारे हे दोन आकडे समोरासमोर आणून बसवले होते. वहीच्या शेवटापर्यंत ती चूक तशीच पुढं पुढं चालत गेली होती, एकशे दहा वर्षं कुणाच्या ध्यानात न येता.

यजमान आत पेपर तपासत होते. त्यांना हाक मारून बोलावलं, ३६ वर बोट ठेवलं, मग ६३ वर. ते म्हणाले, “आता दुरुस्त करणार?”

बँकेत असते तर केलं असतं. लाल शाईनं काट मारून, बरोबर आकडा लिहून, शेजारी आद्याक्षरं घातली असती. लिप्यंतरात तसं करत नाहीत. मी पेन्सिल उचलली, माझ्या वहीत ६३ च लिहिले, आणि पुढे कंसात ‘मूळ प्रतीत असेच’.